टिनाच्या घरातला उन्हाळा

प्रश्न : उत्तर नागपुरातल्या वस्तीत आमची टिनाची एकच खोली आहे. सासरे हमाली करतात. ‘दुपारी घरातच थांबा’ असं डॉक्टर सांगतात, पण घरच भट्टीसारखं तापतं. काय करावं?

उत्तर : तो सल्ला स्लॅबच्या घरांसाठी ठीक आहे, ताई. तुमच्याकडे आधी छप्पर बघायला हवं. टिनावरची धूळ, गंज घासून काढा. भिजवून गाळलेल्या चुन्यात थोडा फेविकॉल मिसळून संध्याकाळी दोन हात द्या. भर दुपारी दिला तर चुना लगेच सुकून पोपडे निघतात. पावसात तो धुपतो, म्हणून दरवर्षी मार्चमध्येच द्या.

कूलर खिडकीत लावा आणि समोरचं दार उघडं ठेवा. बंद खोलीत नुसती दमट हवा साचते, घाम वाळत नाही. पारा ४० च्या वर गेला की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. ओला पंचा अंगावर हवाच.

सासऱ्यांसोबत एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ द्या, चमचा चहाचा. बरळणं, झोकांड्या सुरू झाल्या तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

कामाची वेळ सकाळी लवकर आणि ठिय्यावर, म्हणजे मजूर कामासाठी थांबतात तिथे, सावली, हे मुकादमाकडे सगळ्यांनी मिळून मागा. एकट्याने मागितलं तर त्याची मजुरी बुडते.