न्हावाशेव्यात अडकलेला कंटेनर: मराठवाड्यातल्या आयातदारांचे प्रश्न

प्रश्न (वाळूज): मशीनचे सुटे भाग मागवले. जहाज चार दिवस उशिरा लागलं. सीएफएसने (बंदराबाहेरचं कंटेनर ठेवण्याचं यार्ड) वेगळं बिल दिलं, शिपिंग लाइनने वेगळं. त्याच दिवसांचे दोनदा पैसे का?

ही दोन वेगळी भाडी आहेत. सीएफएस जागेचं भाडं घेते, ते ग्राउंड रेंट. लाइन कंटेनरचं भाडं घेते, ते डिटेन्शन. पहिलं कंटेनर गेटबाहेर पडला की थांबतं. दुसरं रिकामा कंटेनर लाइनच्या यार्डात जमा होईपर्यंत चालू राहतं, म्हणजे तो वाळूजला तुमच्या दारात उभा असतानाही. जहाज समुद्रात थांबलं त्या दिवसांचं डिटेन्शन सहसा लागत नाही, कारण मोजणी कंटेनर उतरल्यापासून होते. म्हणून बिलावरची सुरुवातीची तारीख आधी तपासा.

फ्री डेज, म्हणजे भाडं न लागणारे दिवस, बुकिंगच्या वेळीच ठरतात. सीआयएफने (जहाजभाडं आणि विमा किमतीतच धरून) माल घेतला तर शिपिंग लाइन कोणती ते पुरवठादार ठरवतो आणि या दिवसांची त्याला काही पडलेली नसते. त्यामुळे "न्हावाशेव्याला १४ दिवस फ्री" (अवघड माल असेल तर २१) हे पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घ्या आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे लाइनने दिलेल्या मालाच्या पावतीवर, उमटलंय का ते पाहा. कंटेनर उतरल्यावर केलेल्या विनवणीला फारसं फळ येत नाही. कस्टम्सने माल अडवून ठेवला असेल, तर तेवढ्या दिवसांसाठी वेव्हर (भाडेमाफी) सर्टिफिकेट मागा. कस्टम्सने जप्त केलेल्या किंवा अडवलेल्या मालावर सीएफएसने भाडं घेऊ नये, असं २००९ च्या कार्गो हाताळणी नियमांत आहे. तुमचीच कागदं अपुरी होती म्हणून गेलेले दिवस मात्र त्यात धरून चालू नका.

प्रश्न (जालना): स्क्रॅपचे वीस कंटेनर एकाच बिल ऑफ लेडिंगवर आले. एक तपासणीत अडकला आणि सगळेच थांबले. ट्रेलरही मिळेनात.

आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडण्याचा कस्टम्सचा आदेश, बिल ऑफ एंट्रीवर (कस्टम्सकडे भरायचं आयातीचं घोषणापत्र) मिळतो, सुट्या कंटेनरवर नाही. पुढच्या खेपेला पुरवठादाराला पाच-पाच कंटेनरची वेगळी बिल ऑफ लेडिंग करायला सांगा, म्हणजे बिल ऑफ एंट्रीही वेगळ्या भरता येतील. कागद वाढतील, पण वीसही कंटेनर एका खुंटीला टांगलेले राहणार नाहीत.

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल झालीच पाहिजे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार लागतो. अपेक्षित आगमनाच्या ३० दिवस आधीपासून ती भरता येते. कोलंबोसारख्या ठिकाणी माल दुसऱ्या जहाजावर चढला की जहाजाचं नाव बदलतं आणि बिल ऑफ एंट्रीत दुरुस्ती करावी लागते, तेव्हा सीएचएला (कस्टम्स एजंट) रोज आयजीएम, म्हणजे जहाजावरच्या मालाची कस्टम्सकडे दिलेली यादी, पाहायला लावा. पीएसआयसी, म्हणजे स्क्रॅपच्या जहाजपूर्व तपासणीचं प्रमाणपत्र, त्यावरचे कंटेनर नंबर आणि सील नंबर एकेक करून जुळवा. एका आकड्याच्या फरकानेही माल अडतो. ड्युटीची रक्कम आधीच आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवरच्या कॅश लेजरमध्ये ठेवा.

डीपीडी (सीएफएसला न नेता थेट बंदरातून माल उचलण्याची सोय) घेतली असेल तर कंटेनर उतरल्यापासून ४८ तासांत उचलावा लागतो, नाहीतर तो सीएफएसला जातो आणि वाहतुकीचा खर्च वाढतो. वीस ट्रेलर एकदम मिळण्याची आशा नसेल तर डीपीडीचा हट्ट धरू नका.

ट्रेलरवाल्याला रिकामा कंटेनर परत नेण्याची फेरी नकोशी असते. त्याच लाइनचं निर्यात बुकिंग वाळूज किंवा जालन्यात कुणाकडे आहे का ते शोधा. लाइनने परवानगी दिली तर तुमचाच कंटेनर तिथे भरला जातो आणि दोघांचंही भाडं कमी होतं. आणि ट्रेलर ठरवताना आरसीवरचं वजन बघा. स्क्रॅपने ठासून भरलेला २० फुटी कंटेनर त्याचं स्वतःचं साधारण सव्वादोन टन धरून २७-२८ टनांवर सहज जातो.

प्रश्न (लातूर): आफ्रिकेतून तूर येते. प्लांट क्वारंटाइन (कीड-रोग तपासणी) आणि एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा) रिपोर्टची वाट पाहण्यातच फ्री डेज संपतात.

इथे ट्रेलर लवकर बोलावून उपयोग नाही, कारण रिपोर्टशिवाय माल सुटणार नाही. घाई करायची ती कंटेनर मोकळा करण्याची. कस्टम्सच्या परवानगीने सीएफएसच्या गोदामात पोती उतरवून घ्या आणि रिकामा कंटेनर परत द्या. डिटेन्शन तिथेच थांबतं, मागे राहतं ते फक्त गोदामाचं भाडं आणि हमाली. रिपोर्टला आठवडा लागेल असं दिसलं तर हे बहुधा स्वस्त पडतं, पण सीएफएसचा दर विचारून आकडेमोड करूनच ठरवा. कस्टम्स कायद्याच्या कलम ४९ खाली, क्लिअरन्स लांबतंय म्हणून माल सार्वजनिक गोदामात ठेवण्याचीही सोय आहे.

फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवर (पाठवणाऱ्या देशाचा माल कीडमुक्त असल्याचा दाखला) धुरीचं औषध, मात्रा आणि तारीख नीट लिहिलेली हवी. जिवंत कीड सापडली तर इथे पुन्हा धुरी, पुन्हा तपासणी, आणि तेवढे दिवस तुमच्या खात्यावर.

प्रश्न (नांदेड): ट्रेलर वाटेत अडकला आणि ई-वे बिलाची (मालवाहतुकीसाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) मुदत संपली.

दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो. मुदत पार्ट-बी मध्ये गाडी नंबर भरल्यापासून मोजली जाते. ट्रेलर बंदराबाहेरच्या रांगेत उभा असतानाच पार्ट-बी भरला तर दिवस फुकट जातो, म्हणून तो सुटण्याच्या बेतात असताना भरा. मुदत संपण्याआधी आठ तास आणि संपल्यावर आठ तास, एवढ्यातच ती वाढवता येते. हे काम ट्रान्सपोर्टरकडे सोपवलं असेल तर त्याच्या ऑफिसात रात्री कोण असतं ते विचारून ठेवा. बंदरातून सीएफएसला नेताना ई-वे बिल लागत नाही.

प्रश्न (शेंद्रा): समृद्धी महामार्ग आता पूर्ण झाला. मग माल एका दिवसात यायला नको का?

जून २०२५ पासून महामार्ग थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला आहे, पण बंदर तिथे नाही. आमणे ते न्हावाशेवा या टप्प्यात कल्याण फाटा आणि मुंब्रा बायपास आहे, आणि ठाण्यात अवजड वाहनांना वेळेची बंधनं. ट्रेलर रात्री निघेल असं गणित मांडा.

परतीचं ठरवताना रिकामा कंटेनर कोणत्या यार्डात द्यायचा ते लाइनकडून त्याच दिवशी ईमेलवर घ्या, यार्ड ऐनवेळी बदलतात. कारखान्यातून निघताना आतल्या फरशीचे आणि दारांचे फोटो काढा. तेलाचे डाग, खिळे काढूनच पाठवा, नाहीतर साफसफाईचं बिल येतं. यार्डाने जागा नाही म्हणून परत पाठवलं, तर गेटवरची वेळ लिहून लाइनला लगेच ईमेल करा आणि त्या दिवसाचं डिटेन्शन थांबवायला सांगा. कंटेनर जमा झाला की ईआयआर, म्हणजे कंटेनर कोणत्या स्थितीत जमा झाला याची पावती, हातात घेतल्याशिवाय ड्रायव्हरने यार्ड सोडू नये.