चाळिशीनंतर डीएनडी सुरू करायचंय? ऐक मग

भावा, डीएनडी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्यातली पात्रं होऊन फासे टाकत खेळायचं. वयाचं टेन्शन सोड, हा गेमच १९७४ चा हाय, म्हणजे आपल्यापेक्षा थोरलाच. पुस्तकं लगेच मागवू नको, महाग पडतात, बेसिक रूल्स ऑफिशियल साईटवर फुकट आहेत, त्यातली लढाईची पानं तेवढी मोठ्या अक्षरात प्रिंट काढ, रात्री दहाला चष्मा वरखाली करत बारीक टेबलं वाचायची म्हणजे डोकं उठतंय. फाशांचा सात नगांचा सेट मिळतो. पारदर्शक चकचकीत नको घेऊ, आकडेच दिसत नाहीत, पांढऱ्यावर काळा आकडा बघ.

खरी अडचण माणसं जमवायची. कुणाची शिफ्ट, कुणाच्या पोराचा क्लास, नाहीतर सासुरवाडीला जत्रा, म्हणून सगळे आले तरच खेळू असलं काय करू नको, तिघं आले की सुरू, न आलेल्याचं कॅरेक्टर, म्हणजे त्याचं गोष्टीतलं पात्र, तंबूत तापानं पडलंय म्हणायचं. गोष्ट एका बैठकीत संपेल एवढीच. नकाशा कुठनं आणू म्हणशील तर पन्हाळ्याची अंधारबाव घे की मर्दा, तीन मजली, तळाला पाणी, एखादी चोरवाट आपल्या पदरची घाल, खाली एक भूत बसव, झालं काम.

वहिनींनाही बसव एकदा, आमच्यात सगळ्यात कपटी चोर आमची हीच खेळतीया.

आणि जेवण आधी उरकून घ्या, तांबड्या रश्श्याचा डाग कॅरेक्टर शीटवरनं, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावरनं, जात नाही. हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा जीव किती उरलाय तो आकडा, पेन्सिलनंच लिही, सारखे खोडावे लागतात.