पावसात मुलीला दम लागतो, पंप रोज द्यायचा का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: गोव्यात डिचोलीला राहता, मुलगी नऊ वर्षांची. पाऊस सुरू झाला की पहाटे खोकत उठते, छातीत सुंई-सुंई वाजतं. डॉक्टरांनी दमा सांगून दोन पंप दिलेत, एक रोजचा आणि एक लागेल तेव्हाचा. सासूबाई म्हणतात पंपाची सवय लागेल, आणि घरातल्या सगळ्यांच्या मते हा त्रास खनिजाच्या ट्रकांमुळे आहे.

मी डॉक्टर नाही, शेजारच्या सत्तरी तालुक्यात फार्मसी चालवतो. डोस ठरवणं माझं काम नव्हे. पण पंप कोण कसा वापरतं हे काउंटरवरून रोज दिसतं, त्यावरून सांगतो.

धुळीचं आधी. खनिजाची धूळ दम्याला वाईटच, त्यात वाद नाही. पण ती उडते कोरड्या दिवसांत. जून-जुलैत तिचा चिखल होतो, आणि तुमची मुलगी नेमकी तेव्हाच खोकते. म्हणजे कारण घरात शोधायला हवं. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. गादी-उशीतल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, डस्ट माइट म्हणतात ते. त्यांना अशी दमट हवाच लागते. शिवाय चिऱ्याच्या भिंतींना ओल, कपाटामागे काळी बुरशी, खोलीत दोरीवर न सुकणारे कपडे. आणि शाळेतून येणारी सर्दी वेगळीच. मुलांना दम्याचा झटका येतो तो बहुतेक वेळा साध्या सर्दीनंतरच.

आता पंप. दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते. खोकला नसतो त्या दिवशीही ती थोडीफार असतेच. सर्दी, धूर, बुरशी असं काही लागलं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि शिटी वाजते. बहुतेक निळ्या रंगाचा असतो तो सल्ब्युटामॉलचा पंप स्नायू सैल करतो. पाचेक मिनिटांत बरं वाटतं, चार ते सहा तास टिकतं, पण सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो रोजचा स्टेरॉइडचा पंप. त्याचा गुण यायला काही दिवस, कधी काही आठवडे जातात, आणि लगेच काहीच जाणवत नसल्यामुळे लोक बंद करतात तो हाच. जून लागला की माझ्याकडे निळे पंप भराभर खपतात, रोजचे मात्र एकदा नेले की परत न्यायला फारसं कोणी येत नाही. मला विचाराल तर आपल्याकडची दम्याची निम्मी दुखणी इथेच आहेत.

निळ्या पंपात साधारण २०० दाब असतात. वर्षाला असे तीन किंवा जास्त लागत असतील तर दमा ताब्यात नाही आणि मोठ्या झटक्याचा धोका वाढलाय असं समजतात. दम्याच्या उपचारांबद्दल सल्ला देणाऱ्या ‘जिना’ (GINA) या जागतिक संस्थेने २०१९ पासून बारा वर्षांवरच्या रुग्णांना नुसत्या सल्ब्युटामॉलवर ठेवू नका असंच सांगितलंय. तेव्हा सवयीची भीती वाटत असेल तर निळा किती वेळा लागतो ते कॅलेंडरवर मांडा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.

सासूबाईंना आणखी एक हिशेब सांगा. अनेकांना सिरप सौम्य वाटतं. सल्ब्युटामॉल सिरपच्या ५ मिलीत २ मिलिग्रॅम औषध असतं आणि पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे ते ५ मिली म्हणजे वीस दाब, तेही पोटातून सगळ्या अंगभर. मग हात थरथरतात, छाती धडधडते. स्टेरॉइडचंही तसंच, पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतला मिलिग्रॅममध्ये. रोजच्या पंपाने उंचीत थोडा फरक पडू शकतो, साधारण एक सेंटिमीटरचा. तो लपवायचं कारण नाही, पण रात्र-रात्र न झोपणाऱ्या मुलीचं नुकसान त्याहून मोठं आहे. हैदराबादला मृगाला जिवंत मासा गिळवतात, तिकडे नेऊ का असंही दरवर्षी कोणीतरी विचारतं. त्याने दमा जातो याला पुरावा नाही. नेऊ नका.

पंप देताना स्पेसर वापरा, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लास्टिकची पोकळ नळी. तो नसेल तर औषध बरंचसं घशातच बसतं. पंप हलवायचा, एक दाब, मग सावकाश खोल श्वास घेऊन जमेल तेवढा, दहा सेकंदांपर्यंत, रोखायचा. दुसरा दाब त्यानंतर. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायला लावा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळू द्या. फडक्याने पुसलात तर प्लास्टिकला औषध चिकटतं. पावडरच्या कॅप्सूलवालं यंत्र दिलं असेल तर कॅप्सूल आयत्या वेळी फोडा, दमट हवेत पावडरच्या गुठळ्या होतात. (कॅप्सूल गिळायची नसते. हसू नका, गिळणारे येतात.)

घरात फार खर्च नको. उशी-गादीला घट्ट विणीची खोळ, चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात, भिंतीवरची बुरशी मुलगी बाहेर असताना पुसून काढायची. न्हाणीघरात पाणी तापवायच्या भाणाखाली लाकडं जळत असतील तर तो धूर तिच्या खोलीत येतो का पाहा. अगरबत्ती आणि डासांची कॉइल तिच्या खोलीत बंद.

मोठा झटका ओळखायची खूण: एक वाक्य पुरं बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात. अशा वेळी आडवं झोपवू नका, बसवा. स्पेसरने निळ्याचे दाब एकेक करून चार ते सहा द्या आणि लगेच १०८ ला फोन करा. पंप दिल्यावर शिटी एकदम थांबली पण मुलगी मलूल झाली, तर ते बरं वाटणं नाही. तेव्हा तर अजिबात थांबू नका.

चवथीआधी माळा झाडायला काढाल आणि रंगकाम कराल, तेव्हा तिला दोन दिवस आजोळी पाठवा. रोजचा पंप पिशवीत घालायला विसरू नका.