क्रिप्टिक शब्दकोडं सोडवायचं कसं, आणि उत्तर पटवून द्यायचं कसं?

तुम्ही विचारलंय की साधं शब्दकोडं तुम्हाला सहज सुटतं, पण क्रिप्टिक हातात घेतलं की एकही घर भरत नाही. दुसऱ्या दिवशी उत्तरं बघितली, तरी ती कुठून आली याचा पत्ता लागत नाही. यातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. उत्तर का आलं हे ज्याला सांगता येतं, त्याला पुढचं कोडं आपोआप सुटायला लागतं.

साध्या कोड्यात क्लू म्हणजे शब्दाचा अर्थ, बस. क्रिप्टिकमध्ये एकाच वाक्यात दोन गोष्टी दडवलेल्या असतात: उत्तराचा सरळ अर्थ, आणि ते उत्तर अक्षरांतून कसं जुळवायचं याची कृती. दोन्हींचं उत्तर एकच. वाक्य वाचताना जे चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं, तो चकवा. तो मुद्दाम रचलेला असतो आणि चांगल्या रचनाकाराचं कसब तिथेच दिसतं. पण त्याच्यावरही एक बंधन असतं: अर्थ वाक्याच्या कुठल्यातरी टोकाला असावा लागतो, सुरुवातीला किंवा शेवटी. मधे कधीच नाही. एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मा गोंधळ संपतो.

एक क्लू सावकाश सोडवू. इथली सगळी उदाहरणं मी मराठीत रचली आहेत.

‘शेवटचा सूर काल, परीक्षेनंतर लागतो तो (३)’

कंसातला आकडा म्हणजे अक्षरसंख्या. मराठीत एका घरात काना-मात्रा-वेलांटीसकट पूर्ण अक्षर बसतं, जोडाक्षरसुद्धा एकाच घरात. आता वाक्य वाचा. मैफल आठवते, काल कुणीतरी गायलं असं वाटतं. ती मैफल बाजूला ठेवा आणि टोकं तपासा. ‘शेवटचा सूर’ हा अर्थ धरला तर उत्तर ‘नि’ येईल, पण ते एकाच अक्षराचं, आपल्याला हवीत तीन. म्हणजे अर्थ दुसऱ्या टोकाला असणार: ‘परीक्षेनंतर लागतो तो’. काय लागतो? निकाल. तीन अक्षरं, जमतंय.

इथे बरेच जण थांबतात आणि उत्तर लिहून टाकतात. मी म्हणेन, अजून तो अंदाज आहे. उरलेल्या शब्दांचा हिशेब लागला पाहिजे. सप्तकातला शेवटचा सूर ‘नि’. आणि ‘काल’? तो तर चक्क जसाच्या तसा समोर ठेवलाय. नि आणि काल, निकाल. रचनाकार कधीकधी एखादा तुकडा असा उघड्यावर ठेवतात, आणि आपण गूढ अर्थ शोधण्याच्या नादात नेमका त्यालाच ओलांडून जातो. सूरही लागतो आणि निकालही लागतो, म्हणून दोन भागांमधला सांधा सहजी दिसत नाही. तो सांधा शोधणं हेच या कोड्यातलं खरं काम आहे, आणि तो सापडतो तेव्हाचा आनंद मला दुसऱ्या कुठल्याही कोड्यात मिळालेला नाही.

हिशेबाचा हा आग्रह माझ्या पदरचा नाही. ब्रिटनमधल्या ‘ऑब्झर्व्हर’ या वर्तमानपत्रात एडवर्ड पॉइस मॅथर्स १९२६ पासून ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी रचत. त्यांच्यानंतर १९३९ मध्ये डेरिक मॅकनट ‘झिमेनेझ’ या नावाने रचू लागले. दोन्ही नावं स्पेनमधल्या धर्मन्यायपीठाच्या प्रमुखांची, म्हणजे छळासाठी कुप्रसिद्ध असलेल्या संस्थेतली. सोडवणाऱ्याला काय वाट्याला येणार हे नावातच सांगितलेलं. पण मॅकनट स्वतः अतिशय न्यायी होते. त्यांच्या मते चांगल्या क्लूमध्ये नेमका अर्थ असावा, अक्षरांची प्रामाणिक कृती असावी, आणि या दोहोंपलीकडे काहीही नसावं. त्यातलं ‘काहीही नसावं’ हे सगळ्यात कठीण आणि सगळ्यात मोलाचं. उत्तर समजावताना एखादा शब्द उरला, तर एक तर उत्तर चुकलंय किंवा क्लू कच्चा आहे.

आता कृती ओळखायची कशी? त्यासाठी खुणेचे शब्द असतात. हे बघा:

‘लोक मळले तरी आत फूल (३)’

‘आत’ ही खूण. आत म्हणजे त्याआधीच्या अक्षरांच्या आत. ‘लोक मळले’ सलग लिहा: लो-क-म-ळ-ले. मधे कमळ उमललेलं आहे. फूल हा अर्थ, ‘तरी’ हा निव्वळ जोडणारा शब्द. असे लपलेले शब्द मी नव्या कोड्यात सर्वांत आधी शोधतो, कारण उत्तर पूर्णपणे डोळ्यांसमोर छापलेलं असतं. ‘पोटात’, ‘मधे’, ‘काही अंशी’, ‘दडलेलं’ असे शब्द दिसले की शेजारच्या अक्षरांवरून, शब्दांमधली मोकळी जागा विसरून, बोट फिरवायचं.

‘सदा उलट वागतो तो नोकर (२)’. इथे ‘उलट वागतो’ हे माणसाच्या स्वभावाबद्दल नाही, अक्षरांबद्दल आहे. सदा उलटं वाचलं की दास. ‘मरा मरा’ म्हणता म्हणता वाल्याच्या तोंडी रामनाम आलं, तोच हा प्रकार. ‘परतणे’, ‘माघारी’ याही उलटण्याच्याच खुणा. उभ्या शब्दांत मात्र ‘वर चढणे’ हीसुद्धा उलटण्याची खूण ठरते, कारण तिथे आपण वरून खाली वाचतो.

‘गोंधळून हजर झालं विष (३)’. गोंधळ, बिघाड, पडझड, विस्कटणं, झिंगणं, नव्याने मांडणं, असं काहीही दिसलं की अक्षरांची उलटापालट. हजरची अक्षरं हलवली की जहर. इंग्रजीत या प्रकाराची चलती आहे, कारण तिथे एकेक सुटं अक्षर हलवता येतं. मराठीत मात्रा अक्षराला चिकटूनच फिरते, त्यामुळे असे क्लू छोटे राहतात. तुकडे जोडणं आणि शब्द लपवणं मराठीला जास्त मानवतं, असं माझं मत.

मला विशेष आवडतो तो असा:

‘बाकात लपण्याची सुरुवात करणारं मूल (३)’

आत्ताच आपण लपलेले शब्द पाहिले, त्यामुळे ‘लपण्याची’ ही खूण वाटून तुम्ही ‘बाकात’च्या अक्षरांत मूल शोधायला लागाल. सापडणार नाही. कारण ‘लपण्याची सुरुवात’ म्हणजे फक्त त्या शब्दाचं पहिलं अक्षर, ‘ल’. ते कुठे? बाकात, म्हणजे ‘बाक’च्या आत. बा-ल-क. बालक म्हणजे मूल. ‘सुरुवात’, ‘डोकं’, ‘शेवट’, ‘शेपूट’ हे शब्द दिसले की नेहमी अक्षरांचाच विचार आधी करा.

आणि काही क्लूंमध्ये कृती नसतेच, दोन्ही बाजूंना अर्थच असतात. ‘सखा सूर्य (२)’ म्हणजे मित्र. शाळेत श्लेष अलंकार शिकताना हा शब्द आपण सगळ्यांनी घोकलेला असतो. खुणेचा एकही शब्द नसलेला अगदी आखूड क्लू दिसला की मी हाच संशय आधी घेतो.

प्रत्यक्ष सोडवताना पहिल्या क्लूवर अडून बसू नका. सगळे एकदा वाचून काढा, जिथे खूण स्पष्ट आहे ते भरा, मग त्यांच्या अक्षरांचा आधार घेऊन आडव्यावरून उभ्याकडे जा. नुसत्या आधाराच्या अक्षरांवरून सुचलेलं उत्तर पेन्सिलने लिहा आणि हिशेब लागेपर्यंत पक्कं करू नका. एका चुकीच्या शब्दाने चार शेजारी बिघडतात. छापून आलेली उत्तरं वाचतानाही तसंच करा: उत्तर झाकू नका, उलट ते समोर ठेवून क्लूमधल्या प्रत्येक शब्दाखाली त्याचं काम लिहा. अर्थ, खूण, कच्चा माल, जोड. सुरुवातीला न सुटलेल्या कोड्यावर असा वेळ घालवणं हे मला अर्धवट सोडवलेल्या कोड्यांच्या ढिगाऱ्यापेक्षा कितीतरी फायद्याचं वाटतं.

एक तुमच्यासाठी, ज्याचं उत्तर मी देत नाही: ‘झोपेतून उठवतो, गरज विस्कटली की (३)’. उत्तर बहुधा लगेच सुचेल. ते नुसतं लिहू नका, पाचही शब्दांचा हिशेब मांडा.