सिनेमा अख्खा दाखव

रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज वाचला. नववीला ‘योल्ङू बॉय’, ऑस्ट्रेलियातल्या योल्ङू आदिवासी पोरांचा सिनेमा, दाखवायचाय, तास पन्नास मिनिटांचा, त्यातला बॉच नशेसाठी पेट्रोल हुंगतो ते बघून पालक चिडतील; मग कोणते प्रसंग निवडू? कोणतेच नाही. सिनेमा अख्खा दाखव. जेमतेम दीड तासाचा आहे. लागोपाठचे दोन तास मागून घे.

मेलबर्नला नवीन असताना मीही कात्री लावली होती. पेट्रोलचा डबा, आग, पुढची पळापळ. खाली प्रश्न: ‘या समाजापुढील तीन समस्या लिहा.’ पोरांनी भराभर लिहिल्या. खिडकीपाशी बसणारा एकजण मात्र कागदाची घडी घालत राहिला, नखाएवढी होईपर्यंत. त्याची आजी अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, होती, हे मला वर्ष संपताना कळलं.

मी काय कापलं होतं बघ. लहानपणीचा तो विधी, बॉचचा मित्र लॉरपू याच्या स्वप्नातली बारू, म्हणजे मगर. तिसरा मित्र मिलिका, त्याचं फुटबॉलचं वेड. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडपासून डार्विन शहरापर्यंत सुमारे 500 किलोमीटर रानातून जाणारी तीन पोरं, थोरांनी शिकवलेल्यावर तगून राहणारी. ते पाहिलंच नाही, तर बॉचचं मरण वर्गाला पेपरातल्या बातमीसारखं वाटणार. म्हणून सांगते, अख्खा दाखव!

2001 च्या या सिनेमाच्या निर्मितीत मंडावुय युनुपिंगू होते. ‘योथू यिंदी’ या बँडचे गायक म्हणून तू त्यांना ओळखतेस, पण 1990 मध्ये ते आर्नहेम लँडमधल्या यिर्कलाच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले होते. योल्ङू ज्ञान आणि गोऱ्यांचं ज्ञान एकाच वर्गात शिकवायचा त्यांचा हट्ट होता. अशा शिक्षकाचा हात लागलेल्या सिनेमाचे आपण तुकडे करायचे?

‘अजून असंच आहे का?’ हे कुणीतरी विचारेलच. 2005 पासून दूरच्या वस्त्यांवर नशा न चढणारं पेट्रोल आलं आणि हुंगणं खूप घटलं, हे सांग. पण शेवटी, सिनेमा संपल्यावर.

मी कंत्राटावर होते, माझ्या उच्चारांवर मुलं हसायची, तास हातातून निसटू नये एवढंच तेव्हा सुचत होतं. माझ्या जागी दुसरी कुणी असती तरी तिनं तेच केलं असतं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. ती कागदाची घडी तरी डोळ्यांपुढून हलत नाही. तुझी नोकरी कायम आहे, बाळा, तुला कसली भीती?

पालकांना आधीच चिठ्ठी पाठव. पेट्रोल हुंगणं आहे, शेवटी एक मुलगा मरतो, हे सरळ लिही. मसुदा आज रात्री मला पाठव, मी जागी आहे.

तुझी मावशी