ती वही तिला परत द्या

मुलुंडहून एका आईंचं चार पानी पत्र आलंय. त्याचा गाभा असा: 'मुलगी बारावी कॉमर्सला आहे. दहावीला ८६ टक्के होते. तिच्या शाळेतल्या ग्रंथपाल बाईंना मोठ्या मुलांच्या इंग्रजी कादंबऱ्यांचं भारी वेड. ड्रॅगन, जादूची राज्यं, नाहीतर हल्लीच्या मुलामुलींची प्रेमं, भांडणं, रडारड. बाई स्वतः त्या वाचतात आणि भरभरून बोलतात. ते वेड हिला लागलं. शाळा सुटून दोन वर्षं होत आली तरी शनिवारी बाईंकडे जाते. आता म्हणते, सीए करायचं नाही, ग्रंथपाल व्हायचंय. तिचे बाबा रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. ते म्हणतात, पुस्तकांवरची धूळ झटकायला डिग्री कशाला? आमच्या चाळीतल्या वाचनालयातले काका जन्मभर तुटपुंज्या पगारावर राहिले, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. अभ्यास सोडून ही एका वहीत कोणत्या मैत्रिणीला कोणतं पुस्तक दिलं ते लिहीत बसते. ती वही प्रिलिम होईपर्यंत मी कपाटात ठेवलीय. एका पानाचा फोटो पाठवते. तुम्हीच तिला समजवा.'

ताई, नमस्कार.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पुन्हा पुन्हा वाचला. त्यातली एक नोंद इथे उतरवते: 'प. ला समुद्रातल्या राज्याचं दिलं. ४० पानांवर थांबली. म्हणाली नावंच लक्षात राहत नाहीत. तिला मोठं जग नकोय, दोन मैत्रिणी हव्यात. मग हॉस्टेलचं दिलं. दोन दिवसांत संपवलं, आता तसंच दुसरं मागतेय.' खाली पेन्सिलने: 'पुन्हा समुद्राकडे नेता येईल, पण दिवाळीनंतर.'

सतरा वर्षांच्या मुलीने हे लिहिलंय. कुणी शिकवलेलं नसताना. पत्रात तुम्ही या वहीची तक्रार केलीत, पण तुमच्या चार पानांत तिच्याबद्दलचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच आहे. पुस्तकं आवडणारी मुलं माझ्याकडे खूप येतात. 'मला वाचायला आवडतं, म्हणून मला लायब्रेरियन व्हायचंय' असं म्हणणाऱ्या मुलांना मी सहसा थांबवते, कारण ग्रंथपालाला नोकरीच्या वेळात वाचायला बसता येत नाही. तुमची मुलगी मात्र पुस्तकाबद्दल लिहीतच नाहीये. ती वाचणारीबद्दल लिहितेय. प. कुठे अडकली, का अडकली, तिला काय हवं होतं, पुढे कधी काय द्यायचं. हे निराळं आहे, आणि दुर्मीळ आहे.

याला ग्रंथपालांच्या जगात नाव आहे, 'रीडर्स अ‍ॅडव्हायजरी'. वाचकाला त्याचं पुस्तक शोधून देण्याचं काम. नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकेतल्या ग्रंथपाल आहेत, त्यांनी हे फार सोपं करून सांगितलंय. माणूस पुस्तकात चारपैकी एका दारातून शिरतो: गोष्ट, पात्रं, ठिकाण किंवा भाषा. ज्याला जे दार आवडतं, त्याला तेच दार मोठं असलेलं पुस्तक द्यायचं. प. पात्रांच्या दारातून शिरणारी मुलगी. तिला ठिकाणाच्या दारातून ढकललं, तर ती ४० पानांवर थांबली. तुमच्या लेकीने दार ओळखलं आणि बदललं. याच पर्लबाईंचा आणखी एक नियम आहे. पन्नाशीच्या आतल्या माणसाने ५० पानं वाचून बघावीत, नाही रमलं तर पुस्तक खुशाल मिटावं. पन्नाशी ओलांडली की शंभरातून आपलं वय वजा करायचं, तेवढीच पानं. मी ५६ वर्षांची, म्हणजे मला ४४ पुरेत. लेकीला सांगा, प. ने काही गैर केलेलं नाही.

आता त्या कादंबऱ्यांविषयी, कारण तुमचा खरा राग तिथे आहे असं मला वाटलं. 'रडारड' हा शब्द तुम्ही तीनदा वापरलाय.

साधारण बारा ते अठरा वयाच्या वाचकासाठी लिहिलेल्या या पुस्तकांना इंग्रजीत 'यंग अ‍ॅडल्ट' म्हणतात. त्यात फॅन्टसी येते आणि 'कन्टेम्पररी', म्हणजे आजच्या काळातली, जादूबिदू नसलेली कादंबरीही येते. वरून बघितलं तर एकीत ड्रॅगन आणि दुसरीत कॉलेजचं कँटीन. आत शिरलं की दोन्हींत तेच प्रश्न. मोठ्यांनी करून ठेवलेल्या गोंधळाचं ओझं सोळा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर का? जिवलग मैत्रीण अचानक बोलेनाशी झाली तर काय करायचं? आईबाबा भांडतात तेव्हा कुठे जाऊन बसायचं? मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये वाढणाऱ्या मुलीला मिटून घ्यायला स्वतःचं दार नसतं, ताई. पुस्तक उघडलं की ते मिळतं. माझ्यासमोर बसून ज्या मुलांना आपला त्रास सांगता येतो, त्यातल्या बऱ्याच जणांना त्यासाठीचे शब्द कुठल्या तरी गोष्टीतून मिळालेले असतात. हे मी बावीस वर्षं बघतेय.

आणि त्या बाई स्वतः अशी पुस्तकं वाचतात, त्यावर भरभरून बोलतात, यात तुम्हाला पोरकटपणा दिसला. मला त्यात त्यांचं काम दिसतं. अमेरिकेत या वयासाठीच्या उत्तम पुस्तकाला दरवर्षी प्रिंट्झ पुरस्कार देतात, २००० सालापासून. मायकेल प्रिंट्झ हे कुणी थोर लेखक नव्हते. कॅन्सस राज्यातल्या टोपीका गावच्या शाळेतले ग्रंथपाल होते. आपल्या शाळेतल्या मुलांना काय द्यावं म्हणून स्वतः वाचत राहिलेल्या माणसाचं नाव पुरस्काराला दिलंय, आणि निवड ग्रंथपालांचीच समिती करते. तुमच्या मुलीला भेटलेल्या बाई याच जातकुळीतल्या आहेत. अशी बाई भेटणं हे त्या मुलीचं नशीब.

दोन वर्षांपूर्वी परळच्या एका शाळेत पालकसभेसाठी गेले होते. सभेला अवकाश होता म्हणून ग्रंथालयात बसले. आठवीतला एक मुलगा आला आणि दारातूनच म्हणाला, 'मला वाचायला आवडत नाही, सरांनी पाठवलंय.' तिथल्या बाईंनी पुस्तक पुढे केलंच नाही. विचारलं, 'कुठला पिक्चर दोनदा बघितलास?' त्याने सांगितला. 'त्यात काय आवडलं? मारामारी, की तो एकटा पडतो ते?' मुलगा बुटाच्या टोकाने फरशी घासत राहिला, मग म्हणाला, 'एकटा पडतो ते.' बाई उठल्या, खालच्या कप्प्यातून एक पातळसं पुस्तक काढलं, मधलंच पान उघडून चार ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटलं. 'पुढे?' तो म्हणाला. 'ते तू मला शुक्रवारी सांग.' शेवटच्या पानावरच्या स्लिपवर तारखेचा शिक्का मारला आणि पुस्तक त्याच्या हातात. सगळं मिळून तीन मिनिटं.

तिच्या बाबांना हा प्रसंग वाचून दाखवा. आणि त्यांना डॉ. रंगनाथन यांच्याबद्दलही सांगा. गणित शिकवणारे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम आज जगभर शिकवतात ते त्यांनी १९३१ मध्ये मांडले. दुसरा नियम: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. लंडनच्या एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहून त्यांच्या डोक्यात आलं, की त्याच त्या पट्ट्या नटबोल्टने वेगवेगळ्या जोडून हवं ते यंत्र उभं राहतं, तसे ज्ञानाच्या विषयांचेही सुटे भाग करून जोडता येतील. त्यातून त्यांची 'कोलन' वर्गीकरण पद्धत निघाली, १९३३ मध्ये छापली गेली. फिटरच्या हाताला ही कल्पना लगेच कळेल. १२ ऑगस्टला, त्यांच्या जन्मदिवशी, आपल्याकडे ग्रंथपाल दिन असतो.

धूळही झटकावी लागते, हे मात्र खरं. मुलीलाही हे आधी कळायला हवं. शनिवारी बाईंशी गप्पा मारताना तिला या कामाचा छान भाग दिसतो. देवघेवीच्या टेबलामागचा दिवस बराचसा वेगळा असतो: दाखल नोंदवही भरणं, वर्गीकरण, पाठीवर क्रमांक चिकटवणं (विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई पद्धतीत मराठी कादंबरीला ८९१.४६३), संगणकावर नोंदी चढवणं, वर्षाखेरीस ग्रंथपडताळणी, म्हणजे नोंदवहीप्रमाणे एकेक पुस्तक जागेवर आहे का ते बघणं, फाटलेली पुस्तकं बाद करण्याचे प्रस्ताव, न परतलेल्या पुस्तकांसाठी पालकांना फोन. शिवाय वाचक आपल्या आवडीचे मिळत नाहीत. कुणाला क्रिकेटचं हवं, कुणाला मोटारींचं, कुणाला फक्त स्पर्धा परीक्षेचं गाईड. त्या मुलाला गाईड देतानाही तेवढाच जीव ओतता येईल का, हे तिने स्वतःला विचारावं.

आता पैसे. तुम्ही चाळीतल्या काकांचं लिहिलंत ते अगदी खरं आहे आणि मी ते झाकणार नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, संस्थांना अ, ब, क, ड अशा वर्गानुसार सरकारी अनुदान मिळतं, पण त्यातून कर्मचाऱ्याच्या हाती पडतं ते फार थोडं. वेतनश्रेणीची त्यांची मागणी कित्येक वर्षांची. केवळ सार्वजनिक वाचनालयाच्या नोकरीवर मुंबईत घर चालेल असं मी कुणालाच सांगत नाही. अनुदानित शाळांत विद्यार्थिसंख्येप्रमाणे पूर्णवेळ किंवा अर्धवेळ ग्रंथपाल असतो आणि अशी पदं सहजासहजी भरली जात नाहीत.

पण दारं तेवढीच नाहीत. केंद्रीय विद्यालयातल्या ग्रंथपालाचं मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होतं. कॉलेजच्या ग्रंथपालाचं ५७,७०० पासून, सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीने, त्यासाठी एम.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीला, ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. जागा कमी निघतात, स्पर्धा मोठी असते, म्हणून नेटची तयारी एम.लिब. करतानाच सुरू करायची. मुंबईत आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या आणि इतर बोर्डांच्या खासगी शाळा आहेत. त्यांना नेमकी हीच माणसं हवी असतात: मुलांची पुस्तकं वाचलेली, वर्गात जाऊन पाच मिनिटं पुस्तकाबद्दल बोलू शकणारी. तिथला पगार शाळेप्रमाणे बदलतो, करार नीट वाचूनच सही करायची. मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशन संस्थांत संपादनाची वाटही इथूनच फुटते.

वाट लांब नाही. ग्रंथालयशास्त्राची पदवी, बी.लिब., कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर एका वर्षाची असते. त्यामुळे कॉमर्स घेतल्याने काही बिघडलेलं नाही. तरी माझं मत विचाराल तर बारावीनंतर तिने बी.ए. करावं, मानसशास्त्र आणि साहित्य हे विषय घेऊन. वहीतल्या नोंदी बघता मानसशास्त्र तिला मानवेल. पुढे चर्चगेटला एसएनडीटी विद्यापीठाचं एस.एच.पी.टी. स्कूल ऑफ लायब्ररी सायन्स आहे, १९६१ पासूनचं. मुंबई विद्यापीठातही विभाग आहे. नोकरी करत शिकायची वेळ आली तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पर्याय आहे. टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग' उपक्रमाचा लायब्ररी एज्युकेटर्स कोर्स आहे, सात महिन्यांचा, नोकरी सांभाळून करण्याजोगा. तो मुलांच्या ग्रंथालयात काम करणाऱ्यांसाठीच आखलाय. तिला तो फार आवडेल, पण आधी पदवी.

सीएचा पर्याय तिने मनापासून नाकारलाय की कंटाळ्याने, हे पडताळायला बोर्डाची परीक्षा झाल्यावर एप्रिल-मे हे दोन महिने पुरतील. बाईंनाच विचारून किंवा मुलुंड-ठाण्याच्या एखाद्या वाचनालयात तिला रोज चार तास काम करू द्या, बिनपगारी. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. दोन्हीकडे तिला एकेक दिवस नुसतं बसायला सांगा. पडताळणीच्या कामाला लावली तर उत्तमच. महिनाभर रजिस्टरं भरूनही तिची वही चालू राहिली, तर सीएचा विषय घरात बंद करा.

तिच्यासाठी एक गोष्ट माझ्याकडून. तिची यादी बहुतेक सगळी इंग्रजी आहे. मराठीत लहानांसाठी पुष्कळ आहे, 'किशोर' मासिक १९७१ पासून घरोघरी जातंय, पण चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी, त्यांच्याच बोलीत, घाटकोपर-भांडुपच्या जिन्यांवर घडणारं असं अजून फार कमी आहे, आणि अद्भुत तर त्याहून कमी. जे आहे ते शोधून काढणारी, हातात ठेवणारी आणि प्रकाशकाला 'माझ्या मुलांना हे हवंय' असं सांगणारी माणसं मला मराठी शाळांत हवी आहेत. तिने दर इंग्रजी पुस्तकामागे एक मराठी वाचावं. वहीत त्याचा वेगळा रकाना ठेवावा.

आणि ती वही कपाटातून काढा. प्रिलिम जवळ आलीय, मान्य. रविवारी संध्याकाळी अर्धा तास वहीचा, असं तिच्याशी ठरवून घ्या, ती पाळेल. फोटो काढून मला पाठवलात हेही तिला सांगा, लपवू नका. मग परीक्षा संपली की तिच्याकडे स्वतःसाठी एक पुस्तक मागा. ती तुम्हाला विचारेल, 'आई, तुला काय आवडतं?' तेव्हा 'काहीही दे' म्हणू नका. जरा आठवून खरं ते सांगा, आणि पहिल्या ५० पानांनंतर काय वाटलं तेही. वहीत तुमचं पान ती कसं लिहिते ते मला जरूर कळवा.