दोन महिन्यांचा पगार आणि ओटी (ओव्हरटाइम) ठेकेदारानं अडकवलाय. राजीनामा देऊन मोकळा होऊ का?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चाकणजवळच्या कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला, बारा तास ड्युटी, त्याची दीड हजेरी म्हणजे दीड दिवसाचा पगार, दोन महिने पगार नाही, मागितला की "पार्टीचं पेमेंट आलं की देतो".

राजीनामा देऊ नका. निदान पैसे हातात येईपर्यंत तरी नको. राजीनाम्याच्या तयार कागदाखाली "माझे कंपनीकडे व ठेकेदाराकडे काहीही येणे बाकी नाही" अशी एक ओळ हळूच टाइप केलेली असते. घाईत सही होते, आणि पुढे तोच कागद तुमच्यासमोर धरतात. कोऱ्या कागदावर तर सही नकोच. रेव्हेन्यू स्टॅम्पच्या व्हाउचरवर सही घेऊन थोडे पैसे देत असतील तर जरूर घ्या, पण सहीशेजारी आपल्या हातानं "हक्क राखून, रक्कम इतकीच मिळाली" असं लिहा आणि फोटो काढा.

मी हे ऐकीव सांगत नाही. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी वायर हार्नेसच्या लाइनवर होते. लाकडी बोर्डावर वायरी अंथरायच्या, टेप गुंडाळायची, कनेक्टर दाबायचे. संध्याकाळपर्यंत अंगठा सुजायचा. ऑगस्ट २०१६ ला लागले, महिना ९,१०० रुपये. ड्युटी सात ते सात, दीड हजेरी. दोन वर्षं मला तो उपकारच वाटत होता. आठ तासांची एक, वरच्या चार तासांची अर्धी, म्हणजे दीड. हिशोब बरोबरच दिसतो.

तो चुकीचा आहे. वरच्या तासांचा दर दुप्पट असतो. कारखाना कायद्यात तो १९४८ पासून होता, आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून जी वेतन संहिता, म्हणजे पगाराचा नवा कायदा, लागू झालीय, तिच्यातही दुप्पटच आहे. म्हणजे वरचे चार तास हे आठ तासांच्या मोलाचे. बारा तासांच्या दोन हजेऱ्या व्हायला पाहिजेत. तुमची रोज अर्धी हजेरी ठेकेदाराच्या खिशात जातेय, आणि हे थकलेल्या दोन महिन्यांपुरतं नाही, पहिल्या दिवसापासूनचं आहे. तेव्हा मागताना फक्त दोन महिन्यांचा पगार मागू नका.

माझा आकडा सांगते, म्हणजे तुम्हाला तुमचा काढता येईल. ९,१०० भागिले २६ म्हणजे ३५० रुपये रोज. भागिले ८ म्हणजे तासाला ४३ रुपये ७५ पैसे. दुप्पट ८७ रुपये ५० पैसे. पुढे माझ्या दाव्याच्या सुनावणीत जेवणाचा अर्धा तास कापला, तो कापतातच, म्हणून रोजचा ओटी साडेतीन तास धरला: ३०६ रुपये २५ पैसे. त्यांनी अर्ध्या हजेरीचे दिलेले १७५. दिवसाला १३१ रुपये २५ पैशांचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो. आणि हो, हा दर नुसत्या बेसिकवर काढून देतील, ते मान्य करू नका. महागाई भत्ता, विशेष भत्ता धरून काढायचा. तुमच्या उद्योगाचं किमान वेतन काय आहे तेही बघून ठेवा, त्यातला विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैला बदलतो. पगारच त्याहून कमी असेल तर तो फरक वेगळा मागता येतो.

२०१८ चा जुलै गेला, पगार नाही. ऑगस्ट गेला, नाही. "गणपती होऊ द्या." गणपती झाले. "दसऱ्याला बघू." मग मी घरी बसले, तेव्हा "दिवाळीच्या आधी नक्की". या वाट पाहण्याची मला किंमत पडली. तेव्हाच्या वेतन प्रदान कायद्यात मुदत बारा महिन्यांची होती. मी अर्ज केला दिवाळी उलटल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यात. त्यामुळे ऑक्टोबर २०१७ चा महिना, ज्याचा पगार ७ नोव्हेंबरला देणं लागत होता, आठवड्याभरानं हुकला. त्याच्या आधीचं सव्वा वर्ष तर गेलंच. आताच्या संहितेत ही मुदत तीन वर्षांची झालीय, तरी दसरा-दिवाळीच्या वायद्यावर बसू नका.

मागायला लाज वाटते असं तुम्ही लिहिलंय. मलाही वाटायची. मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं १८८४ मध्ये ज्या मागण्या मांडल्या, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर हीही एक होती: पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. रविवार मिळाला १८९० मध्ये. आज कायद्यानं तारीख सातवी आहे, आणि नोकरी सुटली तर कामकाजाच्या दोन दिवसांत सगळा हिशोब द्यावा लागतो. तुम्ही दान मागत नाही आहात हो, तारीख उलटून गेलीय.

आता पुराव्याचं, कारण खरी लढाई तिथेच होते. आपण म्हणतो, "आमच्याकडं काहीच लेखी नाही." असतं, आपल्याला दिसत नाही. पीएफचं पासबुक मोबाइलवर उघडा. कोणत्या महिन्यात, कोणाच्या नावानं, किती पगारावर पैसे भरले ते तिथे दिसतं. पीएफ कापून भरलाच नसेल तर तेही तिथेच कळतं. ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड, गेटपास, बँकेचं स्टेटमेंट, सुपरवायझरचे "आज थांबा, गाडी लोड करायचीय" असले व्हॉट्सॲप मेसेज, बसच्या पासच्या पावत्या, सगळं एका जागी करा. आणि आजपासून रोज कामावर गेल्याची आणि सुटल्याची वेळ लिहा.

माझ्याकडं काय होतं सांगू? स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. दुधाचा हिशोब मी त्याच्यावर लिहायचे, त्याच चौकोनात कोपऱ्यात "७-७" किंवा "७-३॥" असं लिहायची सवय लागली होती, का ते आता आठवत नाही. कदाचित नवऱ्याला किती वाजता आणायला यायचं ते कळावं म्हणून असेल. सुनावणीत कंपनीच्या वकिलांनी ते बघून म्हटलं, हे सगळं नंतर बसून लिहिलंय. अधिकारी मॅडमनी कॅलेंडर हातात घेतलं आणि एकेक पान उलटत गेल्या. कुठं निळं पेन, कुठं मुलाची पेन्सिल, कुठं सिलिंडर लावल्याची तारीख, एका पानावर हळदीचा अख्खा अंगठा. मग त्यांनी कंपनीचं मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक उघडलं. त्यात दहा महिने सगळ्यांसमोर "८", एकाच पेनानं, एकाच हातानं. मार्चमध्ये माझे २६ दिवस भरलेले. माझ्या पगार स्लिपवर त्याच मार्चचे २५ दिवस होते, एका खाड्याचे पैसे कापलेले, आणि कॅलेंडरवर त्या तारखेला लिहिलं होतं "मुलाला ताप, खाडा". मॅडम काही बोलल्या नाहीत. स्लिप, मस्टर आणि कॅलेंडर एकापुढे एक ठेवलं आणि वकिलांकडे बघितलं. तडजोडीची भाषा पुढच्या तारखेपासून सुरू झाली.

पगार स्लिप जपून ठेवायची ती यासाठी. आणि नव्या संहितेत पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, म्हणजे नोंदवही नीट नसेल तर तोटा त्याचा.

आता करायचं काय. आधी एक पत्र. त्यात शिव्या नकोत, धमकी नको, पोरंबाळं उपाशी आहेत हेही नको. मी लिहिलं होतं ते साधारण असं: "मी आपल्या आस्थापनेत अमुक तारखेपासून ऑपरेटर म्हणून काम करीत आहे. जुलै व ऑगस्ट २०१८ चे वेतन मला मिळालेले नाही. तसेच सोबतच्या तक्त्याप्रमाणे केलेल्या जादा कामाचे वेतन दुप्पट दराने मिळालेले नाही. एकूण येणे रक्कम रुपये अमुक. ती पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत द्यावी, अन्यथा मला कायदेशीर मार्गाने दाद मागावी लागेल." सोबत महिन्यावार तक्ता. बस.

तुमच्या बाबतीत हे पत्र दोघांना जायला हवं, ठेकेदाराला आणि कंपनीला. हा मुद्दा बहुतेक जणांना माहीतच नसतो. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं, नव्या संहितेतही आहे. आमच्याच लाइनवर ठेकेदाराच्या पोरी होत्या. त्यांचा ठेकेदार फोन बंद करून गावाला निघून गेला. त्यांनी अर्जात कंपनीचं नाव घातल्यावर आठ दिवसांत तो सापडला. कंपनीनंच शोधून आणला.

सात दिवसांत काही झालं नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. आत गेल्यावर "सरकारी कामगार अधिकारी" कुठं बसतात ते विचारा. पोलीस स्टेशनला जाऊन दिवस घालवू नका, ते तुम्हाला इकडंच पाठवतील. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. ते कंपनीला आणि ठेकेदाराला पत्र काढून बोलावतात. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर वेतनाच्या दाव्याचा रीतसर अर्ज, त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर. तिथे मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याची तरतूद आहे. दहापट मिळालेला माणूस मी पाहिलेला नाही, पण अर्जात मागायची. तडजोडीच्या वेळी सोडायला आपल्याकडं काहीतरी असावं लागतं.

वकील लागतोच असं नाही. मी दोन तारखा स्वतः उभी राहिले, नंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळाला. बाईला तो मोफत मिळतो, आणि औद्योगिक कामगारालाही मिळतो, पुरुष असला तरी. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं ऑफिस असतं. नोंदणी झालेली युनियन असेल तर तीही तुमच्या वतीनं अर्ज करू शकते. तुमच्यासोबत आणखी चार-पाच जण अडकले असतील तर एकत्र जा, एकट्याला दमात घेणं सोपं असतं.

माझा दावा असा होता: न मिळालेले दोन पगार १८,२००. त्या दोन महिन्यांतले ओटीचे ४० दिवस, पूर्ण दरानं १२,२५०. आधीच्या आठ महिन्यांतले १७२ दिवस, फरकाचे २२,५७५. एकूण ५३,०२५. जून २०१९ मध्ये, सुनावणीच्या सातव्या तारखेला, ४५,००० वर मिटवलं. आठ हजार सोडले याची रुखरुख आजही आहे. नवरा म्हणाला अजून लढू. पण तोवर मी दुसरीकडं लागले होते आणि प्रत्येक तारखेला तिथली एक हजेरी बुडत होती, हेही हिशोबात धरावं लागतं. कार्यालयातल्या एका शिपाईकाकांनी जाता जाता सांगितलं, "ताई, चेक घेऊ नका, डीडी मागा." मी डीडी, म्हणजे बँकेचा डिमांड ड्राफ्ट मागितला. माझ्यासोबतच्या एकीनं चेक घेतला, तो परत आला, आणि तिला पुन्हा सहा महिने.

मागितलं म्हणून कामावरून काढलं, तर त्या दिवसाची तारीख, वेळ आणि गेटवर कोण काय म्हणालं ते लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर राहायला जा. "स्वतःच सोडून गेला" असं म्हणायला त्यांना जागा राहत नाही. तो वाद वेगळा, त्याचा अर्ज वेगळा. पगाराच्या अर्जात तो मिसळू नका.

पत्र स्पीड पोस्टानं पाठवा, पोच घेऊन. ठेकेदार ते घेणार नाही अशी माझी खात्री आहे. "घेण्यास नकार" असा शेरा मारून पाकीट तुमच्याकडे परत येईल. ते फोडू नका. आहे तसं चिकटवलेलं ठेवा आणि सुनावणीत अधिकाऱ्यांच्या हातात द्या, त्यांनाच फोडू द्या.